वावर लिहून देण्याआधी वारस नोंद करा

पत्र: मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ६६. मालकांना जाऊन चार वर्षं झाली. तीन एकर कोरडवाहू वावर आहे. ते आणि घर अजून मालकांच्याच नावावर आहे. थोरला मुलगा पुण्यात कंपनीत, धाकटा गावातच वेगळा राहतो, मुलगी दिग्रसला दिली. रेशन कार्डावर मात्र दोन्ही मुलं अजून माझ्यासोबतच आहेत. लाडक्या बहिणीचे पैसे वय झालं म्हणून बंद पडले. निराधारच्या पगाराचा फॉर्म भरला, तो उत्पन्न जास्त म्हणून परत आला. घर मातीचं, वर कवेलू. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत खचली. घरकुलाच्या यादीत नाव येत नाही. ग्रामपंचायतीत दाखला मागितला तर म्हणतात, आधी तीन वर्षांची घरपट्टी भरा. धाकटा म्हणतो, घर अन् वावर माझ्या नावावर करून दे, तुझ्या नावावर काही राहिलं नाही की पगार सुरू होईल आणि मलाही घरकुल मिळेल. सून चांगली आहे, पण माझं मन होत नाही. काय करू?

काकू, नमस्कार.

मन होत नाही, ते बरोबरच आहे. सही करू नका. धाकट्याच्या मनात खोट आहे असं आम्ही म्हणत नाही. बहुतेक त्याला कोणीतरी असंच सांगितलं असेल. पण म्हातारपणी आईनं वावर मुलाच्या नावावर करावं, अशी अट श्रावणबाळ योजनेत (६५ नंतरचा निराधारचा पगार, म्हणजे पेन्शन, हिच्यातूनच मिळतो) नाही आणि घरकुलातही नाही. वावर तुमच्या हातून आज जाईल आणि पगाराचा फॉर्म उद्या पुन्हा दुसऱ्याच कारणानं परत येईल. मग हातात दोन्ही नाही. अशी प्रकरणं गावोगाव आहेत, म्हणून इतकं स्पष्ट लिहितो.

शिवाय आज तुमच्याकडे लिहून देण्यासारखं पूर्ण घर किंवा पूर्ण वावर नाहीच. मालक मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्यानं बायको, दोन्ही मुलं आणि मुलगी असे चार वारस होतात आणि चौघांचा हिस्सा सारखा. तीन एकरातला तुमचा वाटा ३० गुंठे. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा वाटा जात नाही. थोरल्याचा आणि मुलीचा वाटा तुम्ही कोणाला देऊ शकत नाही, तसा तुमचा वाटाही तुमच्या सहीशिवाय कोणी घेऊ शकत नाही.

म्हणून पहिलं काम वारस नोंद. तलाठ्याकडे (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज द्यायचा. सेतूतून किंवा ई-हक्क प्रणालीवरही करता येतो. सोबत मालकांचा मृत्यू दाखला, चालू सातबारा, सगळ्या वारसांची नावं-पत्ते-नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स. तलाठी फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) नोंदवतो, १५ दिवसांची नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. घरासाठी हाच अर्ज वेगळा ग्रामपंचायतीत द्यावा लागतो, कारण घराची नोंद सातबाऱ्यावर नसून नमुना ८ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या वहीत असते. पुष्कळ जण सातबाऱ्यावर नाव चढलं की घरी बसतात आणि नमुना ८ वर दहा वर्षं मयत माणसाचंच नाव राहतं. तुमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन सनद वाटली असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात त्या मिळकत पत्रिकेवरही वारसांची नावं लावून घ्या.

या कामात दोन ठिकाणी घात होतो. एक, अर्जातच बहिणीचं नाव गाळतात, "तिला काय करायचं" म्हणून. पुढे कर्ज, घरकूल, विक्री, सगळं त्या एका गाळलेल्या नावावर अडतं. दोन, वारस नोंदीच्या कागदांच्या गठ्ठ्यात हक्कसोडपत्र सरकवतात आणि आईचा अंगठा घेतात. वारस नोंदीला हक्कसोडपत्र लागत नाही. हक्कसोडपत्र हा वेगळा दस्त आहे, त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी व्हावी लागते, आणि तो झाला की तुमचा हिस्सा संपला. त्यामुळे तहसीलऐवजी रजिस्ट्री ऑफिसात चला असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा आणि मुलीला फोन करा.

नाव लागलं की त्याचा पैशातला फायदा ताबडतोब दिसतो. तुमच्या नावाचा सातबारा झाला की शेतकरी ओळख क्रमांक काढून पीएम किसानचा अर्ज करता येतो: वर्षाला ६,००० केंद्राचे आणि तेवढेच ६,००० राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे. महिन्याला हजार रुपये झाले, तेही वावर तुमच्याकडे राहून. पीएम किसानमध्ये १ फेब्रुवारी २०१९ ही जमीन नावावर असण्याची तारीख धरतात, पण वारसानं आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. बक्षीसपत्रानं आलेल्या जमिनीला ती सूट नाही. म्हणजे धाकट्याला वावर लिहून दिलं तर तुमचा हा निधी नक्की जाईल आणि त्या जमिनीवर त्याला तो मिळताना अडचण येईल. वारस म्हणून त्याचा स्वतःचा वाटा नावावर आला, तर त्याला आडकाठी नाही. हे त्याला समजावून सांगा. त्याच्याही फायद्याचं आहे.

आता पगाराकडे येऊ. ६५ पूर्ण झाल्यावर तुमच्यासाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. संजय गांधी निराधार ही ६५ च्या आतल्यांची. गावात दोन्हीला निराधारच म्हणतात, पण फॉर्मवर चुकीच्या योजनेवर खूण झाली तर तेवढ्यावरही तो परत येतो. रक्कम महिना १,५०० रुपये. अटी अशा: वय ६५ पूर्ण, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. यादीत नाव असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून काही भाग येतो आणि उरलेला राज्य घालतं. तुमच्या हातात रक्कम तीच.

हे २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. लाडक्या बहिणीला कुटुंबाची मर्यादा अडीच लाख होती. बाई तीच, घर तेच; ६५ चा वाढदिवस झाला की अडीच लाखांची मर्यादा एकदम एकवीस हजारांवर येते. वय वाढलं की कमवायची ताकद कमी होते, औषधं वाढतात, आणि नेमकं तेव्हाच दार अरुंद होतं. ही मर्यादा कित्येक वर्षं हललेली नाही, मजुरीचे दर मात्र कुठच्या कुठे गेले. आमचं स्पष्ट मत आहे की ६५ नंतर लाडक्या बहिणीच्या लाभार्थी महिलांना नवा फॉर्म न भरता, त्याच उत्पन्न मर्यादेवर श्रावणबाळमध्ये घ्यायला हवं. शासनाकडे नाव, आधार, खातं, वय सगळं आधीच आहे. हे तुमच्या ग्रामसभेत ठराव करून मागण्यासारखं आहे, आणि आमदार मतं मागायला येतील तेव्हा विचारण्यासारखंही.

पण तोवर आहे त्या नियमात बसावं लागेल. तुमचा फॉर्म उत्पन्नावर परत आला, आणि तुमच्या पत्रावरून कारण रेशन कार्डात दिसतं. कार्डावर थोरला आहे. तलाठी अहवाल करताना कार्डावरची माणसं एक कुटुंब धरतो, तीन एकरांचं उत्पन्न लावतो, त्यात पुण्याचा पगार येतो. मग २१,००० कसे बसणार? खरं काय आहे, तर थोरला पुण्यात, धाकट्याची चूल वेगळी, तुम्ही एकट्या. कागदावरही तेच यायला पाहिजे. यात खोटं काही नाही. खोटं आत्ता आहे.

तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन थोरल्याचं नाव कमी करण्याचा अर्ज द्या, त्याला नाव कमी केल्याच्या दाखल्यावर पुण्यात जोडता येतं. धाकट्यानं विभक्त कार्डाचा अर्ज करायचा. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: जुन्या कार्डातून तुम्ही बाहेर पडू नका, मुलांना बाहेर पडू द्या. अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली सर्वांत मोठी बाई ही कार्डाची कुटुंबप्रमुख असते, त्यामुळे कार्ड तुमचंच आहे. नवीन कार्ड काढलं तर तालुक्याचा इष्टांक (ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या) भरलेला असल्यामुळे ते धान्याविना पडून राहू शकतं. प्राधान्य गटात माणशी ५ किलो, म्हणजे एकटीला फक्त ५ किलो मिळेल, हे खरं. त्यासाठी त्याच अर्जात अंत्योदयची मागणी करा. अंत्योदयात माणसं कितीही असोत, कार्डामागे महिन्याला ३५ किलो धान्य असतं, आणि एकटी विधवा, ६० च्या वरचं निराधार माणूस यांना त्यात घ्यायचं धोरणच आहे. जागा रिकामी झाली की नाव लागतं, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. कार्ड केशरी असेल, तर अमरावती विभागात आणि वर्ध्यात शेतकऱ्यांच्या केशरी कार्डावर धान्याऐवजी माणशी महिना १७० रुपये खात्यात येतात. तेही येतात का बघा.

कार्ड वेगळं झालं आणि सातबाऱ्यावर तुमचा वाटा दिसू लागला की नव्यानं उत्पन्नाचा दाखला मागा. क्रम उलटा करू नका, नाहीतर पुन्हा तोच आकडा येईल. अर्जासोबत स्वयंघोषणापत्रात स्वच्छ लिहा: विधवा, स्वतंत्र राहते, चौथा हिस्सा कोरडवाहू, दुसरं उत्पन्न नाही. तलाठी अहवालासाठी येईल तेव्हा घर दाखवा. आकडा तरीही जास्त आला, तर कशाचे किती धरले ते लेखी मागा. कोरडवाहू पऱ्हाटीला (कपाशीला) ओलिताचा दर लागलेला असतो, किंवा चार जणांचं वावर एकाच्या नावानं धरलेलं असतं; चूक बहुधा यातच सापडते.

वयाच्या पुराव्यावर पण नजर टाका. आधारवर जन्मतारीख काय आहे आणि मतदार ओळखपत्रावर काय, यात फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करू नका. तिथे जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते. शाळेचा दाखला नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो.

पगार मंजूर होऊनही खात्यात येत नाही, ही तक्रार हल्ली सगळ्यात जास्त. पैसे आता थेट आधारवरून जातात. त्यात खातं आधारला 'लिंक' असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट त्याच खात्यात येण्यासाठी, 'सीडिंग' झालेलं असणं वेगळं. पैसे जातात ते सगळ्यात शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात. लाडक्या बहिणीच्या वेळी शिबिरात पोस्टाचं खातं काढलं असेल, तर पगार तिकडे जाईल आणि तुम्ही मात्र बँकेत पासबुक भरून भरून थकाल. सेतूवाल्याला आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघायला सांगा, तिथे बँकेचं नाव येतं. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते, त्यातही पैसे अडकतात. शंभर रुपये भरून-काढून ते जिवंत ठेवा. आणि दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्ये हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. पगार एप्रिलनंतर अचानक थांबला, तर बहुधा तोच राहिलेला असतो.

घरपट्टी आणि दाखला यांची गाठ ग्रामपंचायतीनं घातली आहे, ती सोडवता येते. निराधार असल्याचा दाखला, नमुना ८ चा उतारा आणि येणेबाकीचा दाखला या लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहेत. नमुना ८ पाच दिवसांत, निराधारचा दाखला २० दिवसांत मिळायचा असतो. तोंडी "आधी पट्टी भरा" हे उत्तर होत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नकार असेल तर कारण लेखी मागा. कायद्यानं ते द्यावं लागतं. त्यावर ३० दिवसांत पंचायत समितीत पहिलं अपील करता येतं. बहुतेक वेळा 'पोच द्या' म्हणाल्यावरच काम हलतं.

पट्टी मात्र बुडवू नका. ती द्यायचीच आहे, फक्त बरोबर आकारलेली. मागणीचं बिल हातात घेऊन नमुना ८ शी ताडून बघा: घराचा प्रकार काय लिहिला आहे? आकारणी घराच्या प्रकारावर, क्षेत्रफळावर आणि वयावर ठरते. मातीचं घर सगळ्यात खालच्या दरात येतं, सिमेंटचं वर आणि आरसीसी सगळ्यात वर. शेजारच्या पक्क्या घरांसोबत सरसकट आकारणी करताना मातीच्या घरावरही पक्क्याचा दर लागल्याचे प्रकार होतात. जुन्या घराला घसारा मिळतो. बांधकामाचं वर्ष चुकलं की तोही जातो. पडलेल्या भिंतीमागची खोली वापरात नसेल तर तेही लिहा. दुरुस्तीचा अर्ज ग्रामपंचायतीत, ऐकलं नाही तर पंचायत समितीकडे अपील. थकबाकी एकदम जमत नसेल तर हप्ते पाडून मागा, चालू वर्षाची आधी भरा आणि प्रत्येक वेळी नमुना १० ची छापील पावती घ्या. चालू वर्षाची पट्टी ३० सप्टेंबरच्या आत भरली तर ५ टक्के सूट, मार्च उलटला तर ५ टक्के दंड. मालक फौजेत होते का, ते पत्रात नाही. असतील तर माजी सैनिकांच्या विधवांना एका राहत्या घराची पट्टी माफ आहे.

आयकराचं तुमच्या बाबतीत काही नाही, शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. पण थोरल्याचा आयकर तुम्हाला आडवा येऊ शकतो, आणि तो कसा, ते घरकुलात दिसतं.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात कुटुंबातलं कोणीही आयकर भरत असेल, कोणाची कमाई महिना १५,००० च्या वर असेल, चारचाकी किंवा तीनचाकी असेल, ओलिताची अडीच एकर किंवा कोरडवाहू पाच एकर जमीन असेल, तर नाव गळतं. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५०,००० किंवा जास्त असली तरी गळतं. कपाशीच्या पीककर्जात ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि लोकांना कळतही नाही की नाव का गेलं. तुमच्या कार्डावर थोरला आहे, तोवर पुण्याचा पगार तुमच्या मातीच्या घराच्या आड उभा राहणार. कार्ड वेगळं झालं की चित्र उलटं होतं: कच्चं घर, विधवा कुटुंबप्रमुख, आणि १६ ते ५९ वयाचं कोणी घरात नाही. प्राधान्य ठरवताना ही शेवटची बाब वंचिततेत मोजतात. म्हणजे घरकुलावर तुमचा स्वतःचा दावा धाकट्याच्या दाव्यापेक्षा भक्कम आहे.

ग्रामपंचायतीच्या सचिवांना विचारा, आवास प्लसच्या (घरकुलासाठी घरं नसलेल्या कुटुंबांच्या) सर्वेक्षणात तुमचं नाव स्वतंत्र कुटुंब म्हणून आलं की थोरल्यासोबत. यादी ग्रामसभेपुढे येते. तिथे लेखी आक्षेप द्या आणि तो इतिवृत्तात घेतला का, ते बघूनच उठा. तुम्ही अनुसूचित जातीच्या असाल तर रमाई, जमातीच्या असाल तर शबरी, भटक्या-विमुक्त असाल तर यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, आणि इतर मागासवर्गात असाल तर मोदी आवास (ती २०२५-२६ पर्यंत आणली होती, अजून सुरू आहे का विचारा), असे राज्याचे वेगळे रस्तेही आहेत. जातीचा दाखला जवळ ठेवा. धाकट्याला स्वतःचं घरकूल मंजूर झालं आणि जागा नसेल, तर जागा खरेदीला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत एक लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळतं. आईचं घर त्यासाठी लिहून घ्यावं लागत नाही.

मंजुरी आली तर पैसे असे धरा: १,२०,००० मूळ, राज्याचे वाढीव ३५,०००, शौचालय आधी घेतलं नसेल तर १२,०००, आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं ती २८,०८० होते. एकूण १,९५,०८०. छतावर सौर संच बसवला तरच आणखी १५,०००. रेती ५ ब्रास मोफत, तिचा पास तहसीलमधून घ्यायचा. एवढ्यात २६९ चौरस फुटांचं घर होतं, मोठं होत नाही. जोतं चारशे-पाचशे फुटांचं काढतात आणि लिंटेलला (दार-खिडक्यांवरच्या पट्टीला) पैसे संपतात. आपल्याकडे अर्धवट उभ्या असलेल्या घरकुलांचं हे पहिलं कारण आहे. पहिला हप्ता १५,००० चा येतो. पुढचे हप्ते प्रत्येक टप्प्याचा फोटो जिओटॅग झाल्यावरच (फोटोसोबत जागेची नोंद झाल्यावरच) येतात, म्हणून गृहनिर्माण अभियंता येऊन फोटो काढेपर्यंत पुढचं काम रेटू नका.

जुनं घर पहिला हप्ता खात्यात दिसल्याशिवाय पाडायचं नाही. कापूस वेचून झाला की डिसेंबर-जानेवारीत पाया घ्या, होळीच्या आत स्लॅब पडला पाहिजे. एप्रिलनंतर यवतमाळच्या गावांत प्यायला पाणी मिळत नाही, स्लॅबला पंधरा दिवस पाणी कुठून मारणार? आणि पाया. तुमची जमीन काळी असेल, तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मागची भिंत खचली ती बहुधा यामुळेच. मुरूम लागेपर्यंत खोदा, मग चार फूट जावं लागो की पाच. खोदलेली काळी माती परत पायात किंवा जोत्यात भरू देऊ नका, मुरूमच भरा आणि थराथरानं पाणी मारून धुम्मस करा. जोत्याच्या पातळीला सळईचा पट्टा चारही बाजूंनी फिरवून घ्या. मिस्त्री म्हणेल एवढ्याशा घराला कशाला. भेग पडली की मिस्त्री येत नाही. दाराला उंच उंबरठा नको, पायऱ्यांऐवजी एका बाजूला उतार करा, आणि संडासात बसता-उठता धरायला लोखंडी दांडी आत्ताच भिंतीत बसवा. दहा वर्षांनी गुडघे साथ देणार नाहीत, तेव्हा ती दांडी लागेल.

भिंत पडली तेव्हा पंचनामा झाला होता का, ते तलाठ्याला विचारा. कच्च्या घराची पडझड १५ टक्के किंवा जास्त असेल तर ४,००० रुपये, आणि सखल भागातलं घर पूर्ण पडलं तर १,२०,००० अशी मदतीची तरतूद आहे. यंदा पुन्हा काही पडलं, तर माती उचलण्याआधी फोटो काढून त्याच दिवशी तलाठ्याला कळवा.

एवढं सगळं करूनही धाकट्याला काही द्यावं असं तुमच्या मनात असेल, तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा. मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, आणि मन बदललं तर बदलता येतं. तुमच्या पश्चात त्याला मिळेल, तुमच्या हयातीत तुमचंच राहील.

बक्षीसपत्राचं तसं नाही. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. कुटुंबाच्या सोयीसाठी दिलेली सवलत आहे, चांगली आहे. पण त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचं छप्पर २०० रुपयांत हातातून जातं आणि दस्त नोंदवताना "तुम्ही आता राहणार कुठे" हे विचारणं कोणाच्या कामात नसतं. शासनानं या सवलतीच्या दस्तात सांभाळाची अट छापीलच ठेवावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ केला नाही तर परत मिळवता येते. अडचण 'अटीवर' या शब्दातच आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ही अट असायलाच हवी असं म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला, पण त्या प्रकरणातही मुलानं सांभाळण्याचं लिहून दिलेलं होतं. म्हणून कधी दस्त करायचाच झाला, तर त्यात हे वाक्य पाहिजे: "घेणार याने देणार हिला तिच्या हयातीपर्यंत याच घरात राहू द्यावे, तिचे जेवणखाण, कपडालत्ता व औषधपाणी पाहावे आणि दरमहा ठरलेली रक्कम द्यावी, यात कसूर झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द होऊन मिळकत देणार हिच्याकडे परत यावी." लिहिणारा म्हणेल, घरच्या घरात कशाला एवढं. त्याला लिहायला लावा.

हाच कायदा तुम्हाला निर्वाहही मागू देतो. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साधा अर्ज, नोटिशीपासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित, महिना १०,००० पर्यंत. थोरला, धाकटा आणि मुलगी, तिघांचीही जबाबदारी असते. तुम्हाला आज भांडण नको आहे, हे पत्रातून कळतं. तरी थोरल्याशी बोला. पुण्याहून दोन हजार रुपये दर महिन्याला आईच्या खात्यात आले, तर त्यासाठी कोणत्या अधिकाऱ्याची सही लागत नाही. तो पैसा उत्पन्नात धरला जाईल का, अशी भीती वाटली तर त्याच्याकडून किराणा आणि औषधं भरून घ्या.

दवाखान्यासाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातच जा. ७० पूर्ण झाले की वय वंदना कार्ड (आयुष्मान भारतचं ज्येष्ठांसाठीचं उपचाराचं कार्ड) काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही. एसटीचं अर्धं तिकीट तुम्हाला आहेच.

दारव्ह्याला पहिली चक्कर माराल, तेव्हा रेशन कार्ड वेगळं करण्याचा अर्ज आणि वारस नोंदीचा अर्ज एकाच दिवशी द्या. दोन्हींच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी आणा. दिग्रसहून मुलीला बोलावून घ्या, तिची सही तशीही लागणार आहे. कोणी दबाव आणला किंवा घराबाहेर काढायची भाषा केली, तर १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा फोन आहे, आणि मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००.